झेंडूचे मूळ आणि कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मूळ शोधू गेल्यास मनातील आदराला धक्का बसेल, अशी भीती या म्हणीच्या पोटी असावी. फुलांविषयी मात्र ही म्हण मौन पाळते. म्हणून या लेखात आपण एका फुलाचे मूळ आणि कूळ दोन्ही विचारणार आहोत, आणि ते विचारल्याने आदर कमी होतो की वाढतो, हे लेखाच्या अखेरीस आपणच ठरवणार आहोत. ते फूल म्हणजे झेंडू.

दसऱ्याच्या सकाळी दारावर आंब्याच्या पानांचे आणि झेंडूच्या फुलांचे तोरण नसेल, असे घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, लोहाराची भाता-हातोडी, मोटारचालकाची गाडी, विद्यार्थ्याची वह्यापुस्तके या साऱ्यांवर त्या दिवशी झेंडू वाहिला जातो. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनातही त्याचा मान मोठा. एवढे अगत्य पाहून कोणालाही वाटावे की, हे फूल वेदकाळापासून आपल्या अंगणात उमलत आले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हे फूल आपल्या देशात येऊन जेमतेम चार-पाच शतके झाली असून त्याचे माहेर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, मेक्सिको देशात आहे.

कूळ

प्रथम कूळ पाहू. झेंडूचे एक फूल हातात घ्या आणि त्याची एक 'पाकळी' अलगद उपटा. तिच्या तळाशी एक बारीक, लांबट काडीसारखा भाग दिसेल. तो त्या पाकळीचा स्वतःचा बीजाशय होय. याचा अर्थ असा की, जिला आपण पाकळी म्हणतो ते वस्तुतः एक संपूर्ण चिमुकले फूल आहे. अशी कित्येक फुले एका हिरव्या पेल्यात दाटीवाटीने बसलेली असतात आणि दुरून पाहणाऱ्यास ते एकच फूल वाटते. वनस्पतिशास्त्रात अशा समूहाला स्तबक म्हणतात. सूर्यफूल, शेवंती, डेलिया यांची रचनाही अशीच असते; म्हणून झेंडूची गणना सूर्यफुलाच्या कुलात होते. आपण देवाला एक फूल वाहतो, तेव्हा खरे पाहता फुलांचे एक संमेलनच वाहत असतो.

फूल सुकले की प्रत्येक चिमुकल्या फुलाच्या तळाशी काळे, सुईसारखे बारीक बी तयार होते. पाने चुरगळली असता जो उग्र वास येतो, तो पानांतील सूक्ष्म तैलग्रंथींचा. या वनस्पतीच्या दोन जाती आपल्या विशेष परिचयाच्या आहेत. उंच वाढणारी, मोठ्या पिवळ्या किंवा नारिंगी गेंदांची एक. आणि बुटकी, पसरट, तांबूस मखमली छटेच्या लहान फुलांची दुसरी. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये या दोहोंना शास्त्रीय नावे दिली. पहिली 'टॅजेटीस इरेक्टा', म्हणजे ताठ उभी. दुसरी 'टॅजेटीस पॅट्युला', म्हणजे पसरट.

'टॅजेटीस' या नावामागेही एक कथा आहे. प्राचीन इटलीत रोमन लोकांच्या आधी एट्रुस्कन लोक राहत. त्यांचा एक शेतकरी जमीन नांगरीत असता नांगराचा फाळ खोल गेला आणि सरीतून टॅजीस नावाचा बालक वर आला. रूप बालकाचे, परंतु ज्ञान वृद्धाचे. त्याने जमलेल्या लोकांना भविष्यकथनाची विद्या शिकवली. ही कथा वाचताना जनक राजाच्या नांगराच्या सरीत सापडलेली सीता आपल्याला आठवल्याखेरीज राहत नाही. गळलेल्या बियांतून दरवर्षी आपोआप जमिनीबाहेर डोके काढणाऱ्या झाडाला हे नाव शोभून दिसते.

मूळ

एखाद्या वनस्पतीचे मूळ स्थान शास्त्रज्ञ कसे ठरवतात? केवळ जुन्या ग्रंथांतील उल्लेखांवरून ते ठरत नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह (1887–1943) यांनी 1926 मध्ये लागवडीच्या वनस्पतींच्या उगमस्थानांविषयी एक महत्त्वाचे विवेचन प्रसिद्ध केले. ज्या प्रदेशात एखाद्या वनस्पतीचे आणि तिच्या रानटी भाऊबंदांचे सर्वाधिक वैविध्य आढळते, तेथे तिचे उगमस्थान शोधावे, हे त्यातील प्रमुख सूत्र. माणसाच्या बाबतीतही असेच नाही का? ज्या गावात एका आडनावाची घरे पुष्कळ, तेथेच त्या घराण्याचे मूळ असण्याचा संभव अधिक.

या कसोटीवर झेंडूचे उत्तर स्पष्ट येते. टॅजेटीस प्रजातीत सुमारे 50 जाती आहेत. त्या अमेरिका खंडाच्या आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या मेक्सिकोत आढळतात. आपल्याकडे मात्र झेंडूला रानात कोणी जुने भाऊबंद नाहीत. आपल्या जुन्या काव्याची साक्षही याच्याशी जुळते. कालिदासाने 'मेघदूता'त अलका नगरीतील स्त्रियांच्या शृंगाराचे वर्णन करताना कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष आणि कदंब या फुलांची नावे घेतली आहेत. सहाही ऋतूंची फुले त्याने एका श्लोकात गुंफली. त्यांत झेंडू नाही.

मेक्सिकोतील ॲझटेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या फुलाचे नाव 'सेंपोआलशोचित्ल' असे होते. 'सेंपोआली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. वीस पाकळ्यांचे फूल, असा त्याचा अर्थ. या लोकांची मोजणी दहांवर नव्हे, तर विसांवर आधारलेली होती. आपल्याकडे वीस नगांची कोडी करतात, तशीच. तेव्हा 'वीस' याचा भावार्थ 'पुष्कळ' असाच घ्यावयाचा. आज मेक्सिकोत याच शब्दाचे 'सेंपासूचिल' असे सुटसुटीत रूप प्रचलित आहे.

त्या लोकांचे वैद्यकही फुलझाडांशी जडलेले होते. मार्तीन दे ला क्रूस नावाच्या एका मूळ रहिवासी वैद्याने 1552 मध्ये आपल्या लोकांच्या औषधी वनस्पतींची माहिती सांगितली आणि हुआन बादियानो या दुसऱ्या मूळ रहिवाशाने ती लॅटिनमध्ये उतरवली. या सचित्र हस्तलिखितात, नदी सुखरूप पार करू इच्छिणाऱ्या प्रवाशासाठी झेंडूच्याच एका सुवासिक भावंडाचा रस छातीला लावण्याचा उपाय सांगितला आहे. हे हस्तलिखित कित्येक शतके युरोपात राहिले आणि 1990 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते मेक्सिकोला परत केले.

मेक्सिकोत या फुलाविषयी एक गोड कथा आजही मुलांना सांगतात. शोचित्ल नावाची मुलगी आणि वीत्सिलिन नावाचा मुलगा हे बालमित्र. दोघे रोज डोंगरमाथ्यावर जाऊन सूर्यदेव तोनातिऊ याला फुले वाहत. पुढे युद्ध उद्भवले, वीत्सिलिन रणात पडला. शोचित्ल डोंगरावर गेली आणि तिने सूर्यदेवाला विनवले, 'मला त्याच्यापासून कायमचे दूर ठेवू नकोस.' सूर्याचा एक किरण तिच्या गालाला शिवला आणि ती सोनेरी फूल झाली. इतक्यात एक इवलासा गुंजनपक्षी त्या मिटलेल्या फुलावर येऊन बसला आणि फुलाने आपल्या वीस पाकळ्या उघडल्या. तो पक्षी म्हणजेच वीत्सिलिन. जोवर झेंडू आणि गुंजनपक्षी पृथ्वीवर आहेत, तोवर त्यांची ताटातूट नाही.

मृत्यूनेही ज्यांची ताटातूट केली नाही, अशांचे हे फूल. म्हणून मेक्सिकोत ते पितरांच्या स्मरणाचे फूल झाले. दरवर्षी 1 आणि 2 नोव्हेंबर रोजी तेथे 'दीया दे मुएर्तोस', म्हणजे मृतांचा दिवस, पाळतात. घरात वेदी मांडून त्यावर पितरांच्या तसबिरी, त्यांचे आवडते पदार्थ, दिवे आणि झेंडूची फुले ठेवतात. दारापासून वेदीपर्यंत पाकळ्यांची पायवाट पसरतात. झेंडूच्या झळाळत्या रंगाने आणि उग्र वासाने पितरांना घरची वाट सापडते, अशी श्रद्धा आहे. हा दिवस रडण्याचा नसून घरी आलेल्या माणसांच्या आदरातिथ्याचा असतो. 2008 मध्ये युनेस्कोने या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. पितृपक्षात पितरांसाठी पान वाढणाऱ्या आपल्या समाजाला ही भावना परकी वाटू नये.

प्रवास

1519 मध्ये स्पॅनिश सैनिक मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले आणि 1521 मध्ये ॲझटेकांची राजधानी पडली. मंदिरे पाडली गेली, ग्रंथ जाळले गेले, एक मोठे राज्य नामशेष झाले. परंतु विजेत्यांच्या जहाजांतून सोन्यारुप्याबरोबर बियाणेही युरोपास गेले. पुढे 1542 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनहार्ट फुक्स याने बाझेल येथे छापलेल्या आपल्या थोर ग्रंथात या फुलाचे चित्र दिले. राजधानीच्या पाडावास तेव्हा अवघी एकवीस वर्षे झाली होती. 'टॅजेटीस' हे नावही त्याच ग्रंथातले. मात्र फुक्सने त्याला 'हिंदी' म्हटले, कारण कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेलाही त्या काळी 'इंडीज' म्हणत.

येथून नावांचा घोटाळा वाढतच गेला. मोठ्या झेंडूला इंग्रज 'आफ्रिकन' म्हणू लागले. 1535 मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याने आफ्रिकेतील ट्यूनिसवर स्वारी केली, तेव्हा हे फूल तेथून युरोपात आले, अशी समजूत त्यामागे होती. लहान झेंडू 'फ्रेंच' ठरला. कारण फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट लोकांनी तो इंग्लंडात आणला, असे सांगत. 'मेरीगोल्ड', म्हणजे मेरीचे सोने, हे इंग्रजी नाव तर मुळात कॅलेंड्युला या वेगळ्याच युरोपीय फुलाचे. रंगाच्या साम्यामुळे ते झेंडूला चिकटले. अशा रीतीने एकच मेक्सिकन फूल हिंदी, आफ्रिकन आणि फ्रेंच ठरले. ज्याने ते ज्या हातांतून घेतले, त्याच हातांचे नाव त्याने फुलाला दिले.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजवाहतुकीने अमेरिका, युरोप, आफ्रिका आणि हिंदुस्थान एका सूत्रात ओवले गेले. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची, बटाटा ही सारी अमेरिकेची संपत्ती या नव्या दळणवळणातून आपल्याकडे आली. झेंडूही त्याच वाटेने आला.

परंतु येणे निराळे आणि रुजणे निराळे. कितीएक परदेशी झाडे कुंडीतच राहतात. झेंडू शेताच्या बांधावर कसा पोहोचला? नकाशा उघडला की याचे एक कारण दिसते. मेक्सिको शहर आणि मुंबई ही दोन्ही साधारण 19 उत्तर अक्षांशावर आहेत. मध्य मेक्सिकोतही जूनच्या सुमारास पावसाळा सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात ओसरतो. पावसाळ्यात वाढावे आणि दिवस लहान होऊ लागले की भराभर कळ्या धराव्यात, असा मोठ्या झेंडूचा स्वभाव. तेथे तो नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या वेदीसाठी फुललेला असतो, आणि इकडे दसरा-दिवाळीसाठी. समुद्र ओलांडला तरी त्याचा ऋतू बदलला नाही. पावसाने धुऊन निघालेल्या शरदात, सण तोंडावर आलेले असताना, भरघोस, स्वस्त आणि तोडल्यावरही बराच काळ टवटवीत राहणारे फूल लोकांच्या हाती आले. त्याला घरात घेण्यास आणखी कोणत्या शिफारशीची गरज होती?

शेतकऱ्याला त्याचा आणखीही उपयोग कळला आहे. झेंडूच्या मुळांतील द्रव्यामुळे पिकांच्या मुळांना उपद्रव देणाऱ्या काही सूत्रकृमींची संख्या घटते. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडूची ओळ लावली, तर फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग झेंडूवर अंडी घालतात आणि टोमॅटो बऱ्याच अंशी बचावतो. फुलांतील ल्युटीन हे पिवळे द्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात. त्यामुळे अंड्यातील बलकाला गडद रंग येतो.

नावे

आता एक मौजेची गोष्ट पाहा. बटाटा, काजू, अननस, पपई हे शब्द परदेशी आहेत हे थोड्या विचारांती ध्यानात येते. वस्तूबरोबर तिचे नावही आले. झेंडूचे तसे झाले नाही. कर्नाटकात त्याला 'चेंडु हूवु', म्हणजे चेंडूफूल, म्हणतात. आंध्र-तेलंगणात तो 'बंती'; तेलुगूत बंती म्हणजेही चेंडूच. हिंदी 'गेंदा' शब्द 'गेंद', म्हणजे चेंडू, याच्या जवळचा. केरळात 'चेंडुमल्ली', गुजरातेत 'गलगोटो'. नेपाळात भाऊबीजेला भावाच्या गळ्यात ज्याची माळ घालतात, तो झेंडू 'सयपत्री', म्हणजे शंभर पाकळ्यांचा, म्हणून ओळखला जातो. मेक्सिकोने वीस मोजल्या, नेपाळने शंभर. दोघांच्याही मनात 'अगणित' हीच भावना. हैदराबादकडे बतुकम्माच्या सणात फुलांचा जो मनोरा रचतात, त्यातही बंतीचे थर असतात. आपापल्या भाषेत त्याला इतकी घरगुती नावे मिळाली की, तो बाहेरचा आहे, ही शंकाच कोणाला उरली नाही.

आपल्या गोव्याच्या बोलीने मात्र एक खूण जपलेली दिसते. येथे पुष्कळ घरांत झेंडूला 'रोजां' म्हणतात, आणि हा शब्द कानी पडताच पोर्तुगीज भाषेतील गुलाबाचे 'रोझा' हे नाव आठवते. मंगळूरकडच्या कोंकणीत त्याचेच 'गोंडे' होतात. माझी मातृभाषा कोंकणी आणि अध्यापनाची भाषा मराठी. त्यामुळे या गोष्टीकडे मी विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. कित्येक मुले घरचा शब्द शाळेत उच्चारताना संकोचतात. ग्रंथात नाही म्हणजे तो अशुद्धच, अशी त्यांची समजूत असते. परंतु ग्रंथातील 'झेंडू' जे सांगत नाही, ते आजीच्या तोंडचा 'रोजां' कदाचित सांगत असेल. शब्द हेही इतिहासाचे साधन आहे, आणि ते ताम्रपटात जसे असते तसे स्वयंपाकघरातही असते.

तोरण

हा सारा वृत्तान्त वर्गात सांगितला की, एक प्रश्न हमखास येतो : 'मग हे परदेशी फूल देवाला कसे चालते?' प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडे पान, फूल, फळ, पाणी एवढेच मागितले आहे. भक्तीने दिलेले असावे, ही एकच अट. फूल कोणत्या देशाचे असावे, ही अट नाही. आपल्या पूर्वजांनी झेंडू पाहिला, त्याचा रंग त्यांना मंगल वाटला आणि त्यांनी तो देवाच्या पायांवर ठेवला. त्यांनी त्याचे मूळ-कूळ विचारले नाही, यात त्यांचे अज्ञान जेवढे, त्याहून त्यांच्या मनाचा मोठेपणा अधिक.

येथे कोणी उलट टोकाला जाऊन म्हणेल की, मग आपले असे काहीच नाही, सारे बाहेरूनच आले. तेही खरे नव्हे. तोरणाकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात झेंडूच्या जोडीला आंब्याची पाने आहेत. आंबा आपल्या भूमीचा. त्याच पोर्तुगीज जहाजवाहतुकीने तो ब्राझीलला नेला. फिलिपाईन्स बेटांकडूनही तो पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोला पोहोचला. आज मेक्सिको हा आंब्याची मोठी निर्यात करणारा देश आहे, आणि तेथील मुलांना आंबा आपलाच वाटतो. त्यांनी आपला आंबा घेतला, आपण त्यांचा झेंडू घेतला. आणि आपल्या दारावर एकाच दोऱ्यात दोन्ही शेजारी शेजारी ओवलेली आहेत. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले. मात्र आंब्याच्या मोबदल्यात कोणी राज्य गमावले नाही. झेंडू ज्यांच्या अंगणातला, त्यांचे राज्य लयास गेले, हेही आपण विसरू नये. त्यांच्या भाषेतील 'वीस पाकळ्यांचे फूल' हा शब्द मात्र अजून जिवंत आहे.

एखादी वस्तू आपली कशाने होते? केवळ ती येथे जन्मली म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या तिचे बी राखावे लागते, तिला आपल्या भाषेत नाव द्यावे लागते, आपल्या सुखदुःखात तिला स्थान द्यावे लागते. झेंडूच्या बाबतीत आपण हे तिन्ही केले आहे. म्हणून तो आपला आहे. आणि मेक्सिकोचाही तो आहेच. आपलेपणा असा वाटून घेतल्याने कमी होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यंदाच्या दसऱ्यानंतर तोरण काढाल, तेव्हा त्यातील एक-दोन गावठी फुले फेकू नका. ती सावलीत पूर्ण सुकू द्या आणि काळे बी कागदाच्या पुडीत जपून ठेवा. संकरित फुलाचे बी आईबापांवर जाईलच असे नाही. गावठीचे बहुधा जाते. जूनमध्ये पहिले पाऊस पडल्यावर ते मातीत पेरा. आठवड्याभरात रोप दिसेल आणि दोन-अडीच महिन्यांत कळी धरू लागेल. त्या अवधीत आपल्या वहीचे एक पान झेंडूच्या नावांसाठी राखून ठेवा. शेजारच्या कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी कुटुंबांना विचारा, आणि सर्वांत आधी आपल्या आजीला विचारा. मूळ आणि कूळ विचारल्याने झेंडूचा मान उणावला नाही, हे त्या पानावर एकेक नाव वाढत जाईल तसे तुमचे तुम्हालाच पटेल.